चौदाशे वीसवर लोखंड ओततात

शिरोलीच्या फाउंड्रीत माझं काम साधं,
भट्टीचा आकडा वहीत उतरवायचा.
चौदाशे वीस झालं की हात वर करायचा,
मग लॅडल कलते, आणि साच्यात
कुणाच्या तरी ट्रॅक्टरचं पोट तयार होतं.

एकवीस वर्षं. उष्णता मला नवी नाही.

पण ही आली रविवारी, कपिलतीर्थ मंडईत,
वांगी निवडताना, सावलीत.
छातीतून सुटली, गळ्यावरून चढली
थेट कानाच्या पाळ्यांपर्यंत.
भाजीवाली म्हणाली, "बसा की ताई, पाणी घ्या."
मी म्हटलं, ऊन लागलं असंल.
सकाळचे पावणेसात वाजले होते.

मग रात्री. उशी ओली, पंखा पाचवर,
नवरा चादरीत मुटकुळं करून.
घड्याळातले तीन रोज दिसायला लागले,
ते कुठल्या वहीत लिहायचे कळेना.
कामावर चौदाशे वीसच्या जागी
एकदा बाराशे चाळीस लिहिलं.
मुकादम काही बोलला नाही. तेच जास्त लागलं.

सासूबाई म्हणाल्या, सगळ्यांचंच होतं, सोसायचं.
वहिनी म्हणाली, हार्मोन? नको बाई, कॅन्सर होतो.
मेडिकलवाला म्हणाला, ह्या न्या, सगळ्या नेतात.
तिघांनाही मान हलवली
आणि राजारामपुरीत, नवव्या गल्लीत,
मुजावर डॉक्टरीणबाईंच्या बाकावर जाऊन बसले.

त्यांनी पेन उघडलंच नाही आधी.
पाळी थांबून किती झालं? दीड वर्ष.
त्यानंतर कधी डाग? नाही.
पायात रक्ताची गुठळी? स्तनात गाठ?
आईला? मावशीला? लिव्हर कसं?
गर्भपिशवी आहे, की काढली?
"आहे" म्हणताना उगाच वाटलं,
कुणाची तरी ठेव सांभाळत आलोय आपण.

मग बीपी, दोनदा. मग मॅमोग्राफी.
मग म्हणाल्या, "पिशवी आहे म्हणून औषधं दोन.
एकटं इस्ट्रोजेन आतलं अस्तर वाढवत नेतं,
दुसरं त्याला आवरतं.
बरं वाटलं म्हणून रात्रीची गोळी सोडायची नाही.
मधेच रक्त दिसलं तर त्याच दिवशी यायचं."
कॅन्सरचं विचारलं. त्या खोटं बोलल्या नाहीत.
"वर्षं वाढतील तसा धोका थोडा वाढतो.
आज तुमच्या पारड्यात फायदा जड दिसतोय.
दरसाल पुन्हा तोलू."

तोलू. गुजरीतला सोनार म्हणतो तसं,
श्वास धरून.

आता सकाळी अंघोळ झाली की दंडावर जेल,
ठरलं तेवढंच, वाळेपर्यंत हात लांब.
पुतण्याची पोर गळ्यात पडायला धावते.
"थांब गं, रंग ओला हाय!"
ती लांबूनच विचारते, वाळली का आजी?

तिसऱ्या महिन्यात जाऊबाई, वैजयंता,
स्वयंपाकघरात दार लोटून म्हणाली,
"मला पण दे की त्यातलं. मी पण जळतीया."
चार वर्षांपूर्वी तिचं उजवं स्तन काढलं,
तेव्हापासून आमच्या घरात त्या आजाराला नाव नाही,
नुसतं "तिचं ते."
मी ट्यूब कपाटात ठेवली, किल्ली कमरेला.
"एवढं एकच मागितलं," म्हणाली,
आणि दोन दिवस माझ्या हातची आमटी खाल्ली नाही.

तिसऱ्या दिवशी स्कूटरवर मागं बसवलं.
डॉक्टरीणबाई तिच्या कागदांवर बराच वेळ थांबल्या.
"हे तुम्हाला नाही. पण सोसायचंही नाही.
हार्मोनशिवायची औषधं आहेत,
तुमच्या कॅन्सरच्या डॉक्टरांशी मी स्वतः बोलते."
वैजयंताच्या डोळ्यांतून पाणी आलं,
"कॅन्सर" हा शब्द कुणी तिच्याशी
आवाज न उतरवता बोललं म्हणून असेल.

येताना गंगावेशीत थांबलो,
म्हशीखालचं दूध प्यायलो, फेसासकट.
मिशी आली म्हणून एकमेकींना हसलो.

फाउंड्रीच्या जुन्या वहीची मागची पानं कोरी होती.
तिथं आता दोन रकाने आहेत.
माझ्यात काल रात्रीचा एक.
तिच्यात पाच. परवा सात होते.